भंगारातली शिष्यवृत्ती आणि तिसरा कप

"जाताना काय घेऊन जाणार?"

मागच्या सेमिस्टरला आमच्या डिपार्टमेंटमध्ये परदेशी शिष्यवृत्त्यांवर एक व्याख्यान झालं. हॉल फुल्ल! इतकी गर्दी एरवी फक्त गॅदरिंगला दिसते. शेवटी सरांनी दोन-तीन जणांना पुढे बोलावून खोटा खोटा इंटरव्ह्यू घ्यायचं ठरवलं आणि पहिल्या बाकावर बसायची चूक केल्यामुळे मी सापडलो.

"कुठे जायचंय?"
"अमेरिकेला, सर."
"कशासाठी?"
"रिसर्च, फॅसिलिटीज, एक्स्पोजर..." ठरलेली उत्तरं मी धडाधड दिली.
"बरं. आणि जाताना काय घेऊन जाणार?"
"लॅपटॉप, सर."

हॉलमध्ये हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अरे, याला एक्स्चेंज प्रोग्राम म्हणतात. देवाणघेवाण! तू मघापासून फक्त घेवाण सांगतोयस. देवाण काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हायवाला उत्तर आलं नाही तर दोन दिवसांत विसरून जातो, पण हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून सबमिशन संपल्यावर लायब्ररीत बसून या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब. आधी माहिती देतो आणि शेवटी एक कबुली.

युद्धाचं भंगार

सरकारी खर्चाने चालणाऱ्या अशा कार्यक्रमांत सगळ्यात प्रसिद्ध नाव फुलब्राइटचं. पण तो सुरू कसा झाला हे मला अजिबात माहीत नव्हतं.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा अमेरिकेचं प्रचंड सामान जगभर पडून होतं. ट्रक, जीप, यंत्रं, सुटे भाग, काय वाटेल ते. ते परत न्यायचं तर वाहतुकीचा खर्च भारी. ज्या देशांत ते पडलं होतं त्यांना ते हवं होतं, पण त्यांच्याकडे डॉलर नव्हते. फार तर ते स्वतःच्या चलनात पैसे देऊ शकत होते आणि ते चलन अमेरिकेत चालणार नव्हतं. थोडक्यात, विकणाऱ्याला माल नको आणि घेणाऱ्याकडे चालतील असे पैसे नाहीत!

या अडचणीतून आर्कान्सा राज्याचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी वाट काढली. सामान तिथेच विकायचं, पैसे त्या देशाच्या चलनात घ्यायचे आणि त्याच देशात विद्यार्थी-शिक्षकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करायचे. फुलब्राइट स्वतः तरुणपणी ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. आर्कान्सातल्या मुलाला त्या काळात जग किती मोठं आहे ते कळलं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी या कायद्यावर सही केली. एका देशासाठी वर्षाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर, अशी मर्यादाही त्यात होती.

यातली इंजिनिअरिंगची गंमत बघा. फ्रान्समध्ये जमा झालेले फ्रँक फ्रान्समध्येच खर्च होणार. म्हणजे अमेरिकन विद्यार्थी फ्रान्समध्ये राहू-जेवू शकतो, पण फ्रेंच विद्यार्थ्याची अमेरिकेतली फी त्या पैशांतून भरता येत नाही. त्याच्या प्रवासाचं फार तर बघता येईल. एक्स्चेंजची एक बाजू चालू, दुसरी अर्धवट! पुढे १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने या कामासाठी डॉलरची तरतूद झाली आणि तिढा सुटला. १९४८ साली अमेरिकेत आले ३५ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, आणि अमेरिकेतून बाहेर गेले ६५ जण. एवढीशी सुरुवात. आज हा कार्यक्रम सुमारे १६० देशांशी जोडलेला आहे आणि त्यातून गेलेल्यांची संख्या चार लाखांच्या वर आहे.

भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, म्हणजे आपण प्रजासत्ताक झाल्यावर जेमतेम एका आठवड्याने. सह्या होत्या पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. २००८ साली नवा करार झाला, तेव्हापासून भारत सरकारही खर्चात बरोबरीचा वाटेकरी आहे. म्हणून आता नाव आहे फुलब्राइट-नेहरू. म्हणजे ही शिष्यवृत्ती ज्याला मिळते त्याच्या तिकिटात आपल्या आई-बाबांच्या टॅक्सचेही पैसे असतात!

सरकारला यात काय मिळतं?

आता तुम्ही म्हणाल, कुठलं सरकार फुकट कशाला पैसे देईल? बरोबर आहे. सरकार म्हणजे काही आपली मावशी नव्हे. दुसऱ्या देशातली हुशार मुलं आपल्याकडे राहून गेली, की पुढे मोठ्या जागेवर बसल्यावर आपल्याबद्दल बरं मत ठेवतील, हा हिशेब त्यात असतोच. शीतयुद्धाच्या काळात तर तो उघड होता.

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण घ्या. पवईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून. तिकडची यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले, इथले शिक्षक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. या संस्थेच्या उभारणीचं सुरुवातीचं नियोजन करणारे डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर पुढे कानपूर आयआयटीचे पहिले संचालक झाले. आणि कानपूरला मदत कोणाची? अमेरिकेची! १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं एमआयटी, कॅलटेक, पर्ड्यू अशा नऊ अमेरिकन विद्यापीठांचे प्राध्यापक तिथे येऊन शिकवत होते. मद्रासला पश्चिम जर्मनी, दिल्लीला ब्रिटन. आपल्याकडे म्हणतात, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. इथे मात्र पाहुणा चार घरी पोटभर जेवला!

पण सरकारचा हात असला की सरकारची मर्जीही आली. फुलब्राइटचा पहिलावहिला करार १९४७ साली झाला तो चीनशी. क्रांतीनंतर तो बंद पडला, १९७९ साली पुन्हा सुरू झाला आणि जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका आदेशाने चीन आणि हाँगकाँगसाठी संपवण्यात आला. जून २०२५ मध्ये तर या कार्यक्रमाच्या मंडळातल्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले. आम्ही निवडलेल्या उमेदवारांना प्रशासनाने परस्पर नाकारलं, हा त्यांचा आरोप होता. प्रशासनाने तो मानला नाही. सांगायचा मुद्दा हा, की अर्ज करणाऱ्याने फक्त स्वतःच्या मार्कांकडे नाही, तर पेपरातल्या पान एककडेही लक्ष ठेवावं.

जा, पण परत या

वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते दोन वर्षांचं कलम. सरकारी पैशांवर जे-१ व्हिसा घेऊन अमेरिकेत गेलेल्या माणसाला काम संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. त्याआधी त्याला तिथला एच-१ हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही.

खरं सांगू? हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आमच्या विंगमध्ये "बाहेर जाणे" या क्रियापदाला परतीचा अर्थच नाही. जीआरई, अॅडमिशन, नोकरी, ग्रीन कार्ड, अशी एका दिशेची लाईन. आणि ही शिष्यवृत्ती म्हणते, जा, शीक आणि घरी जा!

पण नीट विचार केला तेव्हा कळलं, की हे कलम नसेल तर एक्स्चेंज उरतच नाही. मुलं नुसती एका देशातून दुसऱ्या देशात जातील, त्याला देवाणघेवाण कोण म्हणेल? बांगलादेशचे मुहम्मद युनूस १९६५ साली फुलब्राइटवर अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. अर्थशास्त्रात पीएचडी केली, तिथे शिकवलंही. १९७२ साली स्वतंत्र बांगलादेशात परतले, चितगाव विद्यापीठात शिकवू लागले आणि शेजारच्या खेड्यातल्या बायकांना छोटी छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. त्यातूनच ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना आणि बँकेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. ते अमेरिकेतच राहिले असते तर एक चांगले प्राध्यापक झाले असते, त्यातही वाईट काही नव्हतं. पण त्या खेड्याचं काय झालं असतं?

मी परत येईन की नाही, हे आज छातीठोकपणे सांगत नाही. एज्युकेशन लोन काढून जाणाऱ्याची गणितं वेगळी असतात आणि त्याला नावं ठेवण्याचा मला हक्क नाही. पण सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना "मी परत येईन" हे खोटं लिहायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

स्वयंपाकघरातली गोष्ट शिकागोला

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. देवाण म्हणजे काय?

ए. के. रामानुजन हे म्हैसूरचे. बेळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी शिकवायचे आणि फावल्या वेळात कानडी लोककथा गोळा करायचे. घरातल्या बायका मुलांना जेवू घालताना सांगतात त्या गोष्टी! १९५९ साली ते फुलब्राइटवर इंडियाना विद्यापीठात भाषाशास्त्र शिकायला गेले आणि नंतर शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. (हो, ते तिकडेच राहिले. नियमाला अपवाद असतोच.) त्यांनी सांगितलेल्या दोन लोककथा गिरीश कर्नाड यांच्या मनात राहिल्या. कर्नाडांचा जन्म आपल्या माथेरानचा. १९८७-८८ या वर्षी कर्नाड स्वतः फुलब्राइटवर शिकागो विद्यापीठात होते. तिथे त्यांनी त्या कथांवर 'नागमंडल' लिहिलं. १९९३ साली ते मिनिआपोलिसच्या प्रसिद्ध गथ्री थिएटरच्या रंगमंचावर गेलं.

म्हणजे कर्नाटकातल्या कुठल्याशा स्वयंपाकघरातली गोष्ट, दोन शिष्यवृत्त्यांच्या खांद्यावर बसून अमेरिकेत पोहोचली. ती गोष्ट त्यांना कुठल्याही फॅसिलिटीत मिळाली नव्हती, ती ते घरून घेऊन गेले होते.

हे वाचल्यावर मी स्वतःची झडती घेतली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. शेक्सपिअरचं मार्क अँटनीचं भाषण मला अजून पाठ आहे. पण मला आजीची एक तरी गोष्ट शेवटपर्यंत सांगता येईल का? माझ्या बॅगेत खरोखरच लॅपटॉप सोडून काही नव्हतं.

आपणही यजमान आहोत

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आपण नेहमी रांगेत उभे असलेले, आणि देणारे अमेरिका, जर्मनी, जपान, असंच चित्र डोळ्यांसमोर असतं. पण भारतही देतो! भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, मौलाना आझाद यांनी ९ एप्रिल १९५० रोजी स्थापन केली, फुलब्राइट कराराच्याच वर्षी. देश नुकता उभा राहत होता, धान्याची टंचाई होती, तरी परदेशी मुलांना इथे बोलावण्याची सोय केली गेली. १५ सप्टेंबर १९६४ पासून आयटेक हा तांत्रिक प्रशिक्षणाचा कार्यक्रमही चालू आहे. आफ्रिका आणि आशियातले विद्यार्थी आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर आपल्याकडे इंजिनिअरिंग शिकतात.

त्यातलाच एक इथिओपियाचा मुलगा माझ्या समोरच्या खोलीत राहतो. आणि आता कबुली.

दोन वर्षांत मी त्याच्याशी "हाय" आणि "पाणी आलं का?" याच्यापलीकडे बोललो नव्हतो. विंगमध्ये त्याला एक नाव ठेवलेलं आहे. ते काय ते इथे लिहीत नाही, पण ते त्याच्या रंगावरून आहे आणि ऐकून मीही हसलो आहे. त्याला ते कळत नाही अशी आमची समजूत होती. दोन वर्षं हॉस्टेलमध्ये राहून त्याला मराठीतल्या सगळ्या शिव्या कळतात, हे आमच्या लक्षात आलं नाही.

फुलब्राइटसाहेबांबद्दल वाचताना एक गोष्ट मला फार लागली. जगभरच्या मुलांनी एकमेकांकडे जाऊन शिकावं म्हणून कायदा करणाऱ्या, पुढे व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध करणाऱ्या या माणसाने १९५६ साली एका जाहीरनाम्यावर सही केली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या होत्या, त्या निकालाला विरोध करणारा तो जाहीरनामा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधातही त्यांनी मत दिलं. म्हणजे सातासमुद्रापलीकडचा मुलगा चालेल, पण स्वतःच्या राज्यातला काळा मुलगा गोऱ्यांच्या वर्गात नको! मी वाचून मनात त्यांना दोन शब्द सुनावले. आणि मग समोरच्या दाराकडे पाहिलं.

तिसरा कप

एका रविवारी मी ते दार वाजवलं. कारण काढलं सिग्नल्सच्या नोट्सचं. तो कॉफी करत होता. (रेक्टर सर, हॉस्टेलमध्ये कॉइल वापरायला बंदी आहे हे आम्हांला माहीत आहे. कृपया हा परिच्छेद वाचू नये.) हिरव्या बिया तव्यावर भाजून, कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यात उकळून. हे भांडं त्याच्या आईने टॉवेलात गुंडाळून दिलं होतं. त्याने एक कप दिला, मी प्यालो, थँक्स म्हणून उठलो.

तो म्हणाला, "बस ना. आमच्यात तीन कप असतात. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. पहिल्यावर उठून जात नाहीत."

मी बसलो. दुसऱ्या कपाला कळलं, की त्याच्या आजोबांना शाळेत गणित शिकवणारे मास्तर भारतीय होते. त्या काळात इथिओपियाच्या शाळांमध्ये भारतातून गेलेले पुष्कळ शिक्षक होते. त्या मास्तरांमुळेच आजोबांनी ठरवलं, की घरातलं एक तरी मूल भारतात शिकेल.

तिसऱ्या कपाला विषय निघाला कॅलेंडरचा. त्यांच्या वर्षात तेरा महिने असतात. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्यापेक्षा त्यांचं साल सात-आठ वर्षांनी मागे. मी म्हणालो, "मग तू अजून शाळेतच असशील!" तो हसला आणि त्याने विचारलं, "तुमचं नवीन वर्ष कधी? दरवर्षी तारीख का बदलते?"

गुढीपाडवा हे मी सांगितलं. तारीख का बदलते, हे मला माहीत नव्हतं! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला! शेवटी त्याच्यासमोरच आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "अरे, अधिक महिना येतो ना! धोंड्याचा महिना! जावयाला अनारशांचं वाण देतात तो." मग आम्ही दोघांनी कागदावर गणित मांडलं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांचा एरर साठत जातो, आणि तो एका महिन्याएवढा झाला की एक जादा महिना टाकून करेक्शन करतात. २०२३ साली श्रावण दोनदा आला होता तो त्यामुळेच. म्हणजे तेरावा महिना आपल्याकडेही आहे, फक्त तो दरवर्षी येत नाही. तो म्हणाला, "बघ, तुमचं तेरावं पाहुणं आहे, आमचं घरचं." आजीने फोनवरच त्याला अनारसे खायला घरी यायचं आमंत्रण दिलं.

त्या रात्री मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर थोडंसं सापडलं. बॅगेत टाकायला आता एक गोष्ट झाली आहे. आणि विंगमधलं ते नाव मी निदान माझ्या तोंडून बंद केलं. दुसऱ्यांनाही सांगितलं, दोघांनी ऐकलं, एकाशी भांडण झालं.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी

एक : फुलब्राइट-नेहरूची मास्टर्स फेलोशिप डिग्री हातात पडल्या पडल्या मिळत नाही. किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो आणि विषय ठरावीक असतात. यादी आधी बघा, मग स्वप्नं बघा.

दोन : जर्मनीच्या डीएएडीची सुरुवात १९२५ साली हायडेलबर्गमध्ये एका विद्यार्थ्याच्या पुढाकारातून झाली होती. आज तिचा पैसा मुख्यतः सरकारकडून येतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची उन्हाळी इंटर्नशिपही आहे, पण ती ठरावीक संस्थांपुरती. आपली संस्था यादीत आहे का, हे डिपार्टमेंटला विचारा.

तीन : निबंधात "एक्स्पोजर" हा शब्द लिहू नका. तुमच्या गावात, कामात, घरात काय आहे ते लिहा, आणि परत येऊन त्याचं काय करणार ते लिहा. अर्जाचा खरा अर्धा भाग तो आहे.

चार : अर्ज भरण्याआधी आपल्याच हॉस्टेलमध्ये बघा. तुमच्या मजल्यावर कोणी परदेशी विद्यार्थी असेल तर त्याचं दार वाजवा. त्याला विंगच्या क्रिकेट टीममध्ये घ्या. सणाला एकट्याला मेसमध्ये जेवू देऊ नका. तो चार वर्षांनी घरी गेल्यावर भारताबद्दल जे सांगेल, ते आपल्या सरकारने छापलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात नसेल. ते आपणच त्याला दिलेलं असेल, चांगलं किंवा वाईट.

माझा शेजारी पुढच्या जूनमध्ये परत जाणार आहे. त्याआधी त्याला आजीकडे न्यायचं आहे. अनारसे करायला धोंड्याचा महिनाच हवा असं काही नाही, असं आजीनेच सांगितलं आहे.